मीटर घ्याच, पण आधी मेन स्विच पाडून बघा

घरात दोघंच, एसी नाही, तरी महिन्याला विजेचे 160-170 युनिट येतात आणि कोण खातंय ते बघायला प्लगमध्ये लावायचा मीटर हवाय असं लिहिलंय तुम्ही. अहो डिट्टो आमचीच गोष्ट! जुन्या घरी 90 च्या आत असायचो, इथे आल्यापासून 160, आणि 100 ओलांडले की स्लॅब कसा चावतो ते सांगायला नको.

मीही आधी मीटरच आणला. फ्रिज, टीव्ही, सेटटॉप बॉक्स, मिक्सरसुद्धा लावून झाला, वही घालून रोज आकडे लिहायचो, बायको म्हणाली आता मलाही लावा त्याला. दोन महिने बेरीज काही 90 च्या वर जाईना. मग खालचा बिलाचा मीटरच बिघडला असेल म्हणून वीज कंपनीच्या ऑफिसात तीन खेपा, त्याच्या टेस्टिंगची फी, आणि उत्तर काय तर मीटर ओके, वापर तुमचाच. आता मीटर ओकेच होता हो, पण "घरी जाऊन मेन बंद करून बघा" एवढं काउंटरवरच्या एकालाही सुचू नये? असो.

शेवटी वायरमनने घरातला मेन पाडला आणि मला खाली मीटरपाशी नेऊन उभं केलं. लाल दिवा लुकलुकतोच आहे, दर 11 सेकंदांनी. आमच्या मीटरवर 3200 पल्सला (म्हणजे तेवढ्या वेळा दिवा लुकलुकला की) एक युनिट असं छापलंय, म्हणजे 1125 ला सेकंदांनी भागलं की वॅट, आले शंभरेक. (तुमचा छापील आकडा वेगळा असला तर 36 लाखांना त्याने भागा, येईल तो 1125 च्या जागी घ्या.) जिन्यातल्या दोन जुन्या ट्यूब, चोकसकट, आमचा मीटर आणि मेन यांच्या मधून कुणीतरी जोडलेल्या, दिवसरात्र चालू. महिन्याचे 72 युनिट तिथेच!

मेन पाडल्यावर तुमचा दिवा थांबला तर खुशाल मीटर घ्या, पण 16 अँपिअरचा, 6 वाला गीझरला लावू नका, आणि युनिट दाखवणारा, नुसते अँपिअर नकोत. फ्रिजला निदान 24 तास ठेवा, कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतो. क्लॅम्पवाला (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा) घेतलात तर एकाच वायरभोवती लावायचा, अख्ख्या केबलभोवती लावला की शून्य दाखवतो, आमच्या मेव्हण्याने खराब म्हणून परत केला होता.

मी इलेक्ट्रिशियन नाही हां, मीटरबोर्डाला स्वतः हात लावू नका, वायरमन बोलवा.

आणि पैसे परत मिळाले का विचाराल, तर सोसायटीत मागितले तेव्हा ऐकलं, जिन्यातून तुम्हीपण जाताच ना.