रात्री ठाण्यात बसवले, पण मुदत सहा महिन्यांचीच

दुसरी पाळी संपवून रात्री साडेअकराला पायी घरी जाताना दोन पोलिसांनी आपल्याला अडवले. नाव-पत्ता सांगूनही मोबाइल उघडून दाखवायला नकार दिल्यामुळे त्यांनी ठाण्यात नेले आणि एका कागदावर सही घेऊन पहाटे तीनला सोडले, असे आपण लिहिता. अशी पत्रे मला सतत येतात. 'पोलिसांना हा अधिकार आहे का' या प्रश्नावर सगळेजण थांबतात, आणि तोवर मुदत निघून जाते.

आपल्याला साडेचार महिने झाले आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ नुसार, कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकाराबाहेर जाऊन केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवर दिवाणी दावा किंवा फौजदारी खटला सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. फौजदारी खटल्यापुरती, शासनाची पूर्वमंजुरी असल्यास, घटनेपासून दोन वर्षांपर्यंतची सवलत आहे. आपल्या प्रसंगाला हे कलम लागू होते की नाही यावर न्यायालयात वाद होऊ शकतो, परंतु लागू होते असे धरूनच चालावे. दाव्याआधी नोटीसही द्यावी लागते आणि तिचा काळ मुदतीतून वगळला जाईल या भरवशावर राहू नये, म्हणून ती याच आठवड्यात वकिलाकडून पाठवा. 'जाऊ दे, मिटवून टाक' म्हणणाऱ्यांचे आपण ऐकलेत, याचे मला खरोखर वाईट वाटते.

अधिकाराविषयी थोडक्यात सांगतो. नाव-पत्ता नाकारल्याबद्दलची अटक (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९) अदखलपात्र गुन्ह्याशी (ज्यात पोलीस एरवी वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत) जोडलेली आहे, आणि आपण तर नाव सांगितले होते. पोलीस बहुधा त्याच संहितेचे कलम १७२, म्हणजे पोलिसांचा आदेश पाळण्याचे बंधन, पुढे करतील; पण त्यातही आदेश कायदेशीर आणि प्रतिबंधक (गुन्हा रोखण्याच्या) कर्तव्यासाठी दिलेला असावा लागतो. मोबाइलबाबत मात्र ठाम उत्तर देणे मला योग्य वाटत नाही.

न वाचता सही करणे ही आपली मोठी चूक झाली. त्या कागदाची आणि त्या रात्रीच्या स्टेशन डायरीतील (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीतील) नोंदीची प्रत माहिती अधिकारात मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या निर्देशांनुसार ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण किमान वर्षभर राहायला हवे. ते जपून ठेवावे असा लेखी अर्ज आजच द्या आणि पोच घ्या. पत्नीला १२ वाजून १० मिनिटांनी पाठवलेला 'ठाण्यात बसवलंय' हा संदेश पुसू नका, आणि तूर्त तो मोबाइलही बदलू नका.