‘विनोदच तर केला’ : प्रशिक्षणवर्गातील शेरेबाजी आणि अंतर्गत समितीकडील तक्रार

प्रश्न : मी २८ वर्षांची असून एका पतसंस्थेत आठ महिन्यांपासून परिविक्षाधीन लिपिक आहे. संस्थेने आम्हा २२ कर्मचाऱ्यांना प्रथमोपचाराच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी शेजारच्या शहरातील एका सभागृहात पाठवले होते. प्रशिक्षक बाहेरच्या एजन्सीचे होते. सीपीआर (बंद पडलेले हृदय चालू करण्यासाठी छाती दाबण्याचा व श्वास देण्याचा प्रथमोपचार) शिकवताना त्यांनी मला पुतळ्याशेजारी गुडघ्यांवर बसवले आणि म्हणाले, “पुतळ्याऐवजी मॅडम आडव्या झाल्या असत्या, तर छाती दाबायला शेवटच्या रांगेतलेही धावत आले असते.” दुसऱ्या दिवशी ते मला ‘डेमो मॅडम’ म्हणत राहिले. कृत्रिम श्वासाचा विषय निघाला तेव्हा माझ्याकडे बघत त्यांनी पुरुष सहकाऱ्यांना विचारले, “मॅडम बेशुद्ध पडल्या तर तोंडाने श्वास द्यायला कोण कोण तयार? हात वर करा.” सगळे हसले. काय करावे ते न कळल्याने मीही हसले. चार दिवसांनी त्यांनी माझा पुतळ्याजवळचा फोटो ‘आपल्या डेमो मॅडम’ असे लिहून प्रशिक्षणाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. शाखाधिकारी म्हणतात, “त्यांचा स्वभावच विनोदी आहे, मनावर घेऊ नका. शिवाय प्रशिक्षणातल्या शेऱ्याला लैंगिक छळ म्हणता येत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचाच निकाल आहे.” या सगळ्याला आता दहा आठवडे झाले आहेत. हे प्रशिक्षक पुन्हा येऊ नयेत आणि त्यांनी माफी मागावी, एवढीच माझी इच्छा आहे. पण मला अजून कायम केलेले नाही, त्यामुळे भीती वाटते. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘दहा आठवडे’ हा आहे, म्हणून आधी मुदतीविषयी लिहितो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यातील कलम ९ नुसार लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, आणि घटना एकापाठोपाठ घडल्या असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते. योग्य कारण असल्यास अशा तक्रारींची चौकशी करणारी संस्थेतील अंतर्गत समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. पण ती कारणे तिला लेखी नोंदवावी लागतात. ग्रुपवर टाकलेला फोटो ही शेवटची घटना धरता येईल, तरीही त्या चार दिवसांच्या भरवशावर आपण राहू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका विधि विद्यापीठाच्या प्रकरणात, तक्रार मुदतीनंतर आली म्हणून ती फेटाळणारा समितीचा निर्णय कायम केला आणि नंतरच्या प्रशासकीय कारवायांना मूळ छळाचाच पुढचा भाग मानण्यास नकार दिला. आपली तक्रार येत्या आठवड्यात दाखल झाली पाहिजे आणि तिची पोच आपल्या हातात असली पाहिजे.

आता शाखाधिकाऱ्यांनी सांगितलेल्या निकालाकडे वळतो. असा निकाल खरोखरच आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या त्या प्रकरणात एका बँकेच्या प्रशिक्षणसत्रात वरिष्ठ सहकाऱ्याने एका महिला कर्मचाऱ्याच्या लांब केसांवर टिप्पणी केली होती. केस आवरायला जेसीबी वापरत असाल, असे तो म्हणाला होता आणि केसांवरच्या एका हिंदी गाण्याची ओळही त्याने गुणगुणली होती. हे आरोप जसेच्या तसे खरे धरले तरी त्यातून लैंगिक छळ सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि त्याच्याविरुद्धचा समितीचा अहवाल रद्द केला. शेरा मारला गेला त्या वेळी तक्रारदार महिलेला स्वतःला तो लैंगिक छळ वाटला नव्हता, हेही न्यायालयाने विचारात घेतले. त्या निकालाशी कोणी सहमत असो वा नसो, प्रशिक्षणवर्गातील कोणताही शेरा कायद्याच्या बाहेर राहतो असे त्यात कोठेही म्हटलेले नाही; त्या विशिष्ट शब्दांना लैंगिक अर्थ चिकटत नाही, एवढेच त्यात ठरले आहे. आपल्या बाबतीत प्रशिक्षकांनी आपल्या शरीराचा उल्लेख केला, पुरुषांनी त्याला हात लावण्याचे चित्र भरवर्गात उभे केले आणि नंतर त्यासाठी हात वर करायला सांगितले. केसांवरचा शेरा आणि हे शब्द यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. कलम २ मधील व्याख्येत ‘लैंगिक अर्थ असलेले शेरे’ हा प्रकार स्वतंत्रपणे नमूद आहे आणि माझ्या मते आपले प्रकरण सरळ त्यात बसते.

‘हेतू वाईट नव्हता’ हा बचाव पुढे येईलच. मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे की या कायद्यात वर्तनामागील हेतूपेक्षा ते वर्तन त्या स्त्रीला नकोसे होते की नाही याला महत्त्व आहे. प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही, हा मुद्दाही टिकत नाही. स्पर्श आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगितले आहे.

‘मीही हसले’ हे वाक्य आपण एखादी चूक कबूल करावी तसे लिहिले आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. बावीस माणसांसमोर, गुडघ्यांवर बसलेल्या अवस्थेत, ज्यांच्या सहीने प्रमाणपत्र मिळणार आहे अशा माणसाचा शेरा ऐकून हसण्याला कायदा संमती म्हणत नाही आणि कोणत्याही समंजस समितीनेही म्हणू नये. जागच्या जागी निषेध केला तरच तक्रार करता येते, अशी कोणतीही अट कायद्यात नाही. मात्र हे वागणे आपल्याला त्याच वेळी नकोसे झाले होते हे दाखवणारे काही ना काही हाताशी असणे फार उपयोगी पडते. त्या रात्री बहिणीला किंवा मैत्रिणीला पाठवलेला ‘उद्या जावेसे वाटत नाही’ असा एखादा संदेश, शाखाधिकाऱ्यांना केलेल्या फोनची नोंद, दुसऱ्या दिवशी जागा बदलून मागे जाऊन बसल्याचे सांगणारी सहकारी, यांपैकी जे असेल ते जपून ठेवा. मोबाइल बदलू नका, ग्रुपमधून बाहेर पडू नका आणि तो फोटो, त्याखालचा मजकूर, तारीख आणि वेळ एकत्र दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. प्रशिक्षण संपताना सर्वांकडून अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतात आणि तो बहुतेक वेळा प्रशिक्षकांच्या समोरच भरावा लागतो. आपण त्यात ‘उत्तम’ या चौकटीत खूण केली असेल, तर ती गोष्ट आपणच तक्रारीत लिहा आणि कोणत्या परिस्थितीत केली तेही लिहा. तोच कागद समोरच्या बाजूने पुढे आला तर त्याचे उत्तर देणे अवघड जाते.

आता तक्रार कोणाकडे करायची ते पाहू. सभागृह पतसंस्थेच्या मालकीचे नव्हते, तरी नोकरीच्या निमित्ताने जेथे जावे लागते ते ठिकाणही या कायद्यात कामाचे ठिकाणच आहे. परिविक्षाधीन कर्मचाऱ्याला या कायद्याचे संपूर्ण संरक्षण आहे. प्रशिक्षक बाहेरच्या एजन्सीचे आहेत म्हणून आमची समिती काही करू शकत नाही, असे उत्तर आपल्याला मिळण्याची शक्यता आहे आणि ते चुकीचे ठरेल. केंद्र सरकारच्या दोन वेगवेगळ्या खात्यांतील अधिकाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये निर्णय दिला आहे की पीडित महिलेच्या कार्यालयातील समिती दुसऱ्या कार्यालयातील व्यक्तीविरुद्धच्या तक्रारीची चौकशी करू शकते. त्यामुळे अर्ज आपल्या पतसंस्थेच्या अंतर्गत समितीच्या अध्यक्षांच्या नावे करा. समितीचा अहवाल एजन्सीकडे कारवाईसाठी जाऊ शकेल आणि त्या एजन्सीला पुन्हा बोलवायचे की नाही हे ठरवणे तर संस्थेच्याच हातात आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असूनही संस्थेत समितीच नेमलेली नसेल, तर तो स्वतंत्र कसूर असून त्यासाठी ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अशा वेळी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जिल्ह्याच्या स्थानिक समितीची चौकशी करून तेथे अर्ज द्या.

या चौकशीत कोणत्याही पक्षाला वकील आणता येत नाही. म्हणून आपला अर्ज हाच आपला वकील आहे आणि तो आपल्यालाच नीट लिहावा लागेल. मी पाहिलेल्या अनेक तक्रारी एकाच ठिकाणी लंगड्या पडतात : ‘प्रशिक्षकांनी अश्लील विनोद केले’ एवढेच त्यात लिहिलेले असते. ‘अश्लील’ हा निष्कर्ष झाला आणि तो काढण्याचे काम समितीचे आहे. आपण जे शब्द मला पत्रात कळवले तेच शब्द, संकोच बाजूला ठेवून, अवतरणचिन्हांत जसेच्या तसे लिहा. ते कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता, काय शिकवत असताना म्हटले, आपण कोठे होतात, शेजारी कोण होते, कोण हसले आणि कोणाची मान खाली गेली, हे लिहा. ज्याची मान खाली गेली तो बहुधा आपला साक्षीदार असतो. नेमका शब्द आठवत नसेल तेथे ‘अशा अर्थाचे’ असे लिहा आणि घडले त्यापेक्षा एक शब्दही वाढवू नका. अर्जाच्या सहा प्रती, जोडलेली कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे व पत्ते द्यावे लागतात. समितीने सात कामकाजाच्या दिवसांत एक प्रत प्रशिक्षकांना पाठवायची असते, त्यांनी दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे असते आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायची असते. समितीने घाई केली तर आपणच हरकत घ्या. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात चौकशी घाईने उरकून समोरच्याला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याच्यावरील कारवाई रद्द करून प्रकरण फेरचौकशीला पाठवले होते.

आपल्याला फक्त माफी हवी असेल, तर कलम १० मध्ये चौकशीपूर्वी समेटाची सोय आहे. मात्र त्याची मागणी आपल्याकडूनच आली पाहिजे आणि पैसे घेऊन समेट करता येत नाही. समेट झाला की चौकशी होत नाही, म्हणून माफीचा मजकूर लेखी, शेऱ्यांचा स्पष्ट उल्लेख असलेला आणि फोटो काढून टाकल्याचे नमूद करणारा असल्याशिवाय सही करू नका. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे’ अशा वाक्याला मी माफी मानत नाही आणि आपणही मानू नये. कोणी समेटासाठी दडपण आणले तर तेही समितीला लेखी कळवा.

पोलिसांकडे जायचे की नाही हा निर्णय सर्वस्वी आपला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ नुसार लैंगिक शेरेबाजीला एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही, आणि स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्यासाठी शब्द उच्चारल्यास कलम ७९ नुसार तीन वर्षांपर्यंत साधा कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. समितीकडे तक्रार केल्याने हा मार्ग बंद होत नाही, आणि आपण तो निवडलात तर आपल्याला साहाय्य करणे हे कलम १९ नुसार संस्थेचे कर्तव्य आहे.

राहिली नोकरीची भीती. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. तक्रारीनंतर कामात खोट काढली गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. म्हणूनच गेल्या आठ महिन्यांतील कामाचे शेरे, हजेरी आणि वरिष्ठांचे समाधान व्यक्त करणारे संदेश आजच एकत्र करून घरी ठेवा. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरवून आपल्यावर कारवाई करता येत नाही, हे कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. चौकशी चालू असेपर्यंत आपले मूल्यमापन या शाखाधिकाऱ्यांकडे नसावे, अशी विनंती अर्जातच करा. मात्र तक्रारीविषयी ग्रुपवर किंवा शाखेत काही लिहू वा बोलू नका, कारण गोपनीयतेचे बंधन दोन्ही बाजूंवर आहे. अर्ज हाती देताना सातव्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. कोणी पोच देण्यास नकार दिला, तर त्याच दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि टपालाची पावती जपून ठेवा.