डबे पुन्हा डाउनलोड होतात, टिपा होत नाहीत

भाऊ, जिओकॅशिंगच्या, म्हणजे लपवलेले डबे जीपीएसने शोधायच्या आपल्या खेळाच्या, नोंदींबद्दलचा तुमचा प्रश्न वाचला. लॅपटॉपच्या डाउनलोड फोल्डरमध्ये डब्यांच्या माहितीच्या चौदा जीपीएक्स फाइली, फोनवर सी:जिओ या अ‍ॅपमध्ये तीन याद्या, जुन्या ईट्रेक्स २० या गार्मिनच्या जीपीएस यंत्रावर कधीकाळी चढवलेले डबे, आणि "कोणती फाइल खरी तेच समजून नाही राहिलं". त्यात पुढच्या महिन्यात कामासाठी तीन आठवडे स्टुटगार्टला जायचंय. लॅपटॉपवर जीसॅक हे डब्यांची माहिती सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकू का, आणि सगळ्या फाइली एकत्र केल्या तर डबल-डबल नोंदी होतील का, असं तुम्ही विचारलंय.

जीसॅक टाकाच. आता ते फुकट आहे. विंडोजवर सरळ चालतं, लिनक्स किंवा मॅकवर वाइन या विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून चालवावं लागतं. दिसायला जुनाट आहे, पहिल्या दिवशी रकाने पाहून घाबरायला होतं, पण डब्यांच्या माहितीसाठी याच्या तोडीचं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही.

डबलची भीती सोडा. प्रत्येक डब्याला जीसीने सुरू होणारा स्वतःचा कोड असतो आणि जीसॅक त्यावरूनच डबा ओळखतं. तोच डबा चौदाही फाइलींत असला तरी डेटाबेसमध्ये ओळ एकच राहते. फक्त फाइली जुन्यापासून नव्याकडे अशा क्रमाने चढवा. आणि चढवण्याआधी एकही फाइल पुसू नका. पॉकेट क्वेरी म्हणजे आपल्या अटींत बसणाऱ्या डब्यांची जिओकॅशिंगच्या साइटवरून उतरवलेली यादी; तिच्या फाइलमध्ये प्रत्येक डब्याचे शेवटचे पाचच लॉग, म्हणजे शोधणाऱ्यांनी लिहिलेल्या नोंदी, येतात. जीसॅक मात्र जुने लॉग फेकत नाही, नवे त्यांच्यात मिसळतं. तुम्हाला कचरा वाटणाऱ्या त्या चौदा फाइलींत मागच्या दोन-तीन वर्षांचे लॉग पडलेले असतील. अमुक डबा पावसाळ्यात कुणालाच मिळत नाही आणि दिवाळीनंतर पुन्हा मिळायला लागतो, हे असल्या जुन्या लॉगांवरूनच कळतं. पॉकेट क्वेरीची झिप उघडत बसू नका, तशीच आत घ्या. तिच्यात दोन फाइली असतात आणि दुसऱ्या फाइलीत पार्किंग, मल्टीचे (अनेक टप्प्यांच्या डब्याचे) टप्पे असे जोडबिंदू असतात. झिप उघडून एकच फाइल घेतली की नेमके तेच राहून जातात.

आता खरा त्रास कुठे आहे ते सांगतो, कारण तुम्ही तो विचारलेला नाही. पॉकेट क्वेरीत जिवंत डबेच येतात. एखादा डबा कायमचा बंद झाला, आर्काइव्ह झाला, तर तो पुढच्या क्वेरीत गुपचूप येईनासा होतो. 'हा मेला' असा निरोप कुठल्याच फाइलीत नसतो. तुमच्या डेटाबेसमध्ये मात्र तो जसाच्या तसा उभा, हिरवागार. मी एकदा भाच्याला घेऊन नागपुरात फुटाळा तलावाच्या बाजूला असाच दीड तास एका डब्यासाठी झुडपं धुंडाळली. पोराचे हात ओरबाडले गेले. घरी येऊन पाहिलं तर तो डबा दोन महिन्यांपूर्वीच बंद झालेला. माझ्या नोंदीत तसं दिसायला काही कारणच नव्हतं.

यावर उपाय म्हणजे 'लास्ट जीपीएक्स' हा रकाना. त्या डब्याची माहिती शेवटची कोणत्या तारखेच्या फाइलीतून आली ते तो दाखवतो. नागपूरसाठी एकच क्वेरी ठेवा, दर वेळी तीच चालवा, तिच्या अटी बदलू नका. नवी फाइल चढवली की या रकान्यावर क्रम लावा. सगळ्यांची तारीख आजची झाली आणि चार-दोन डबे महिनाभर मागे राहिले, तर तेच संशयित. त्यांची स्थिती जीसॅकमधूनच साइटला विचारता येते, किंवा चारच असतील तर एकेकाचं पान उघडून बघा. आपल्याकडे डबे विरळ आहेत, दहा मिनिटांचं काम. ही चाळणी, म्हणजे फिल्टर, नाव देऊन जतन करून ठेवा आणि शनिवारी रात्री, निघण्याआधी, चालवा. क्वेरीच्या अटी मध्येच बदलल्या की ही सगळी युक्ती बाद होते, कारण डबा मेला म्हणून आला नाही की अटीत बसला नाही म्हणून, हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून त्याबद्दल एवढा आग्रह.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. तुमच्या डेटाबेसमध्ये दोन प्रकारचा माल असतो. एक साइटवरून आलेला: नाव, स्थान, वर्णन, लॉग. तो उद्या गेला तरी परवा परत येतो. दुसरा तुम्ही स्वतः घातलेला: कोड्याच्या डब्याचं कोडं सोडवून काढलेलं खरं स्थान, मल्टीच्या टप्प्यावर वाचलेले आकडे, 'गेट सहाला उघडतं, चौकीदाराला सांगून जा' असल्या टिपा. तो फक्त तुमच्यापाशी असतो. नोंदी ठेवण्याची सगळी मेहनत या दुसऱ्या मालासाठी करायची.

हे मी पाण्यात हात घालून शिकलो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा आमचं तळमजल्यावरचं घरही त्यात होतं. संगणक जमिनीवर ठेवलेला. बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात. दुपारी पाणी उतरल्यावर खण ओढला तर तो फुगून अडकला होता. तोडून उघडला, आतून चिखल निघाला. घरातलं बाकीचं नुकसान मोठं होतं, त्यापुढे हे काहीच नाही. पण पुढे नवा लॅपटॉप आल्यावर डब्यांची यादी एका संध्याकाळी पुन्हा उभी राहिली आणि चार वर्षांत सोडवलेल्या कोड्यांची उत्तरं मात्र गेली ती गेलीच. कपाटावर ठेवलेल्या एका वहीत लिहिलेली होती तेवढी वाचली. त्यातलं एक कोडं मी आणि बायकोने मिळून तीन रविवार घालवून सोडवलं होतं. ते पुन्हा सोडवायला मन झालं नाही.

तेव्हापासून मी उत्तर दोन जागी लिहितो. जीसॅकमध्ये 'करेक्टेड कोऑर्डिनेट्स' या जागी, आणि साइटवर त्या डब्याच्या पानावरही. साइटवर भरलेलं सुधारित स्थान प्रीमियम (पैसे भरलेल्या) सदस्याला पॉकेट क्वेरीतही येतं, म्हणजे फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे एकच आकडा राहतो. मूळ स्थान खोडून त्याच जागी नवे आकडे लिहिण्याची चूक मात्र करू नका. पुढची फाइल चढली की ते पुसले जातात. जीसॅकच्या फाइल मेनूत बॅकअप आहे, सगळे डेटाबेस आणि सेटिंग एका झिपमध्ये बांधून देतो. ती झिप घराबाहेर गेली पाहिजे: ड्राइव्हवर, भावाच्या घरी, कुठेही. सी:जिओचा बॅकअपही फोनच्या मेमरीतून उचलून तिथेच ठेवा.

आकडे भरताना एक खड्डा सांभाळा. आपल्या खेळात स्थान अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात, गूगल मॅप दशांश अंशांत दाखवतो. झिरो माइलचा खांब घ्या, चार घोड्यांजवळचा. त्याचं स्थान साधारण उत्तर २१° ०८.९८८', पूर्व ७९° ०४.८३६'. हेच गूगलमध्ये २१.१४९८, ७९.०८०६ होतं, कारण मिनिटांना ६० ने भागावं लागतं. घाईत कुणी न भागता २१.०८९८८, ७९.०४८३६ असं टाकलं तर टाचणी सीताबर्डीवरून उठून सात किलोमीटरवर सोनेगाव विमानतळावर जाऊन बसते. नागपुरात ते लगेच लक्षात येईल. परक्या मुलुखात दोन्ही जागा सारख्याच खऱ्या वाटतात. शेवटच्या दशांशाची किंमतही ध्यानात ठेवा: अक्षांशात मिनिटाचा एक हजारांश म्हणजे जेमतेम १.८५ मीटर. २ मे २००० ला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर यांनी पहिला डबा ठेवला. हा खेळ त्या अचूकतेवरच उभा आहे. आकडे गोल करून लिहू नका.

ईट्रेक्सबद्दल थोडक्यात. जीसॅकमधून चाळलेली यादी दर वेळी एकाच नावाच्या फाइलीत, गार्मिन फोल्डरच्या आतल्या जीपीएक्स फोल्डरमध्ये टाका. नाव तेच असलं की जुनी फाइल आपोआप झाकली जाते आणि तुम्हाला छळणारे कधीकाळचे डबे जातात. आज तिथे असलेल्या बाकीच्या जुन्या फाइली एकदा हाताने काढा. शोधल्याची नोंद ईट्रेक्स जिओकॅश_व्हिजिट्स नावाच्या टेक्स्ट फाइलीत करतं, ती साइटवर चढवली की लॉगचे मसुदे तयार होतात. त्या फाइलीत वेळ युटीसीची असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपण मे महिन्यात ऊन टाळायला पहाटेच निघतो. पाच वाजून दहा मिनिटांनी डबा सापडला तर फाइलीत आदल्या दिवसाचे २३:४० पडतात. मसुदा पक्का करण्याआधी तारीख पाहा.

आता जर्मनी. तिथे डबे इतके दाट आहेत की आपली सवय उपयोगी पडत नाही. एका पॉकेट क्वेरीत जास्तीत जास्त १००० डबे येतात, दिवसाला १० क्वेऱ्या चालतात. स्टुटगार्टभोवती मोठं वर्तुळ टाकलंत तर हजारावर यादी कापली जाईल आणि कापली असं कुणी सांगणार नाही. प्रीव्ह्यूत बरोबर १००० दिसले की समजा, काहीतरी बाहेर राहिलं. तेव्हा वर्तुळ तेच ठेवून क्वेरी 'डबा कधी ठेवला' या तारखेवर तोडा: पहिलीत अमुक सालापर्यंतचे, दुसरीत त्यापुढचे, प्रत्येक हजाराच्या थोडी आत. तारखा कुठे तोडायच्या ते प्रोजेक्ट-जीसी ही वेबसाइट काढून देते. तयार झालेली क्वेरी सात दिवसच डाउनलोड करता येते, म्हणून आत्ता नको, निघायच्या आठवड्यात चालवा. आणि ईट्रेक्स २० मध्ये ठरावीकच डबे मावतात, तेव्हा त्यावर चढवताना अंतराने चाळा: हॉटेलपासून पाच-सात किलोमीटर पुरे, तीन आठवड्यांत तेवढेही संपणार नाहीत.

स्टुटगार्टसाठी जीसॅकमध्ये वेगळा डेटाबेस करा. नागपूरच्या डेटाबेसमध्ये ते डबे ओतले तर परत आल्यावर त्यांच्या तारखा मागे पडत जातील आणि संशयितांच्या चाळणीत आपले चार डबे त्या हजारोंखाली दडपले जातील.

या रविवारी चौदा फाइली चढवून नागपूरची ताजी क्वेरी घ्या आणि लास्ट जीपीएक्सवर क्रम लावून मागे किती राहतात ते इथे लिहा. गोरेवाड्याच्या बाजूचे असतील तर मी जाऊन बघून येतो, मला तो रस्ता रोजचाच आहे.