पांढरी कावीळ आणि पोटातलं बाळ

प्रश्न : मी सहा महिन्यांची गरोदर आहे. सासर चोपडा तालुक्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, रावेरकडे करायचं ठरलंय. रक्ततपासणीत ‘पांढरी कावीळ’ निघाली. त्रास काहीच नाही. सासूबाईंनी माझं ताट-वाटी वेगळं केलंय. बाळाला पोटातच लागण झाली असेल का? यांचं रक्त अजून तपासलेलं नाही.

उत्तर : ताई, आधी ते ताट परत मांडणीवर ठेवा. पांढरी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस बी या विषाणूची लागण; ती उष्ट्यातून पसरत नाही. कळण्याची भाकरी एका ताटात खा खुशाल. वस्तरा, नेलकटर, दात घासायचा ब्रश मात्र ज्याचा त्याचा.

पोटात असताना लागण होते, पण क्वचित. खरा धोका बाळंतपणाच्या वेळी, आईचं रक्त बाळाला लागतं तेव्हा. म्हणून जन्मल्यावर 24 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, लसीची पहिली मात्रा एका मांडीत आणि 12 तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन दुसऱ्या मांडीत. पुढे 6, 10 आणि 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच रोगांच्या एकत्र लसीतून ही लस मिळतेच. हे चुकलं आणि बाळाला लागण झाली, तर दहातल्या नऊ बाळांत ती कायमची मुक्काम करते. मोठ्या माणसात तसं सहसा होत नाही.

लस सगळीकडे असते. दुसरं इंजेक्शन महाग, फ्रीजमध्ये ठेवायचं, आणि ऐनवेळी मिळेलच असं नाही. एक बाई रात्री कळा घेऊन आल्या, फाईल सासरच्या कपाटात! इंजेक्शन शोधण्यात पहाट झाली. तुम्ही माहेरी जाताना फाईल पिशवीत वरच ठेवा, आणि जिथे बाळंतपण होणार तिथल्या डॉक्टरांशी आताच बोलून ठेवा.

त्याआधी तुमच्या रक्तातलं विषाणूचं प्रमाण मोजून घ्या. ते दोन लाख युनिटच्या वर असेल तर 28व्या आठवड्यापासून टेनोफोविर या विषाणूरोधक औषधाची रोज एक गोळी देतात. ही तपासणी आणि औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत; जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. निव्वळ या कारणासाठी सिझर लागत नाही. अंगावर पाजायलाही हरकत नाही.

यजमानांचं रक्त तपासा. लागण नसेल तर त्यांना लस द्या. बापाकडून पोटातल्या बाळाला थेट जात नाही, गेलीच तर आईमार्फत. सासूबाईंनाही तपासून घ्या.

आणि गळ्यात काविळीची माळ घालायला कुणी नेलं तर जा हवं तर, पण बाळ नऊ महिन्यांचं झालं की त्याचं रक्त तपासायला विसरू नका.