वाचकांचे प्रश्न : स्पॅनिश दप्तरातली फिलिपिनो गावं

प्रश्न : इतिहासात एम.ए. केलं आहे. स्पॅनिश राजवटीतल्या फिलिपिन्सवर, विशेषतः तिथल्या गावांवर संशोधन करायचं आहे. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, कोल्हापूर)

भाषांपासून, आणि त्या दोन लागतील. स्पेनचा अंमल 1565 ते 1898 होता, म्हणून कागद स्पॅनिशमध्ये आहेत. पण ज्यांच्याविषयी ते लिहिले, ती माणसं टागालोग, इलोकानो, बिकोल, सेबुआनो बोलत. आधी प्रांत ठरवा, म्हणजे दुसरी भाषा आपोआप ठरेल.

नुसत्या स्पॅनिशवर भागवलं तर कसा घोटाळा होतो, ते 'एस्क्लाबो' म्हणजे 'गुलाम' या शब्दात दिसतं. टागालोग समाजातले 'आलिपिन', म्हणजे धन्याशी बांधलेले लोक, दोन प्रकारचे. 'नामामाहाय' स्वतःच्या घरात राही, धन्याला पिकातला वाटा देई, बोलावणं आलं की राबायला जाई. त्याला विकता येत नसे. 'सागिगिलिद' धन्याच्या घरी राही आणि त्याला विकता येई. हुआन दे प्लासेन्सिया या धर्मगुरूने 1589 मध्ये हा फरक नोंदवून ठेवला आहे. तरी स्पॅनिश कागदांत दोघांनाही सर्रास गुलामच म्हटलेलं आढळतं. म्हणून असा शब्द आला की 1613 साली पिला इथे छापलेला स्पॅनिश-टागालोग कोश उघडायचा. आजचा कोश इथे फसवतो.

मग अक्षर. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या 'प्रोसेसाल' वळणात कारकून लेखणी न उचलता शब्दाला शब्द जोडत जातो. मोडी वाचणाऱ्याला ही अडचण नवी नाही. 'dicho' चं 'dho' होतं, 'que' चं आडव्या रेघेचं नुसतं 'q' उरतं, आणि u, v, b एकमेकांच्या जागी येतात. वाचताना आधी जसंच्या तसं उतरवा, संक्षेप नंतर सोडवा. दोन्ही कामं एकदम केली की डोळा अपेक्षित शब्द वाचतो आणि लिहिलेला सुटतो.

स्पेनमधल्या सेव्हिलच्या इंडीज दप्तरखान्यातला (स्थापना 1785) फिलिपिन्स विभाग आधी 'पारेस' या स्पेनच्या सरकारी संकेतस्थळावर चाळा. बराच भाग घरबसल्या फुकट वाचता येतो. 'लेगाहो' म्हणजे आपल्या पेशवे दप्तरातला रुमालच. टिपण घेताना लेगाहो, रामो (लेगाहोतला पोटविभाग), क्रमांक आणि पानाची पुढची की मागची बाजू, हे चारही लिहा. एक जरी राहिलं तरी तो कागद पुन्हा सापडवण्यात आठवडा जाऊ शकतो. सेव्हिलला मात्र वरिष्ठांकडे गेलेलेच कागद आहेत. गाव शोधायचं तर मनिलाच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात जावं लागतं. तिथे नव्या गावांच्या स्थापनेचे आणि गोबेर्नादोर्सिल्योच्या, म्हणजे गावच्या मुख्याच्या, निवडणुकीचे गठ्ठे आहेत.

प्रश्न : एका गावात '500 त्रिबुतो' अशी नोंद मिळाली. लोकसंख्या किती धरू? (एक वाचक, पुणे)

त्रिबुतो हे कराचं एकक आहे. नवरा-बायको मिळून एक, एकटा प्रौढ अर्धा. म्हणून 450 जोडपी आणि 100 एकटे असोत, की 500 जोडपी असोत, कर भरणारे 1000 च. लहान मुलं, वृद्ध, आणि बारांगायचा (गावातल्या कुटुंबांच्या गटाचा) प्रमुख 'काबेसा' व त्याचा थोरला मुलगा यांना सूट असल्यामुळे ते आकड्यात नाहीत. सरसकट 4 ने गुणून 2000 लिहायची सवय आहे. ते आम्हाला पटत नाही. त्याच वर्षाची चर्चची शिरगणती शोधा, आणि त्या गावापुरता गुणक तिच्यावरूनच काढा.

आकडा एकदम घसरला म्हणजे साथच आली असेल, असंही धरू नका. 'पोलो' या वेठीत 16 ते 60 वयाच्या पुरुषांना वर्षाला 40 दिवस राबावं लागे (1884 मध्ये ते 15 झाले). जहाजांसाठी लाकूडतोड हे त्यातलं फार जाचक काम. ते चुकवायला कुटुंबंच्या कुटुंबं डोंगरात निघून जात. कागदात त्यांना 'रेमोन्तादो' म्हटलं आहे. उलट, जुनी यादी तशीच चालू राहिली तर मेलेल्यांचा करही गावावर बसे, आणि तूट काबेसाला भरून द्यावी लागे. म्हणून फेरगणनेसाठी गावाने केलेले अर्ज आधी शोधा. कोण मेलं, कोण पळालं, कोणाचं शेत पडीक राहिलं, हे गावकरी त्यात स्वतः सांगतात. गणतीच्या तक्त्यात ती माणसं फक्त अंक असतात.

प्रश्न : 1849 च्या मागे घराणी शोधता येत नाहीत, हे खरं का? (एक वाचक, नाशिक)

आडनावावरून बहुतेकदा नाही. गव्हर्नर क्लावेरिया यांच्या 21 नोव्हेंबर 1849 च्या हुकमाने छापील यादीतून आडनावं वाटली गेली. काही गावांत तर सगळ्यांची एकाच अक्षरापासून सुरू होतात, त्यामुळे सारखं आडनाव हा नात्याचा पुरावा नाही. मागे जाताना काबेसाचं नाव धरून ठेवा, कारण कराच्या याद्या त्याच्या नावाखाली लावलेल्या असतात. त्याला बाप्तिस्म्याच्या वहीतली आईबापांची आणि धर्मपित्यांची नावं जोडत जा.

प्रश्न : मनिला आणि मकावच्या नोंदींत एकाच घटनेची तारीख एका दिवसाने वेगळी का? (एक वाचक, पणजी)

स्पॅनिश लोक मेक्सिकोवरून पश्चिमेकडे जात मनिलाला पोहोचले, पोर्तुगीज गोव्यावरून पूर्वेकडे जात मकावला. त्यामुळे मनिलाची तारीख एक दिवस मागे राहिली. क्लावेरिया यांनीच 31 डिसेंबर 1844 हा दिवस गाळून ती जुळवली. त्याआधीची मनिलाची नोंद मकाव किंवा गोव्याच्या नोंदीशी ताडताना तिच्यात एक दिवस मिळवा, पण मूळ तारीख टिपणात तशीच ठेवा.