नास्तिक, निरीश्वरवादी की अज्ञेयवादी?

प्रश्न असा आला आहे: ‘देव आहे असं मला वाटत नाही, पण नाहीच असं छातीठोकपणे म्हणवतही नाही. मग मी नास्तिक, निरीश्वरवादी की अज्ञेयवादी?’

‘नास्तिक’ या शब्दात मुळात देव कुठेच नाही. पाणिनीचं सूत्र आहे ‘अस्तिनास्तिदिष्टं मतिः’ (४.४.६०). ‘नाही’ असं ज्याचं मत, तो नास्तिक. काय नाही, ते सूत्र सांगत नाही. काशिका ही टीका सांगते: परलोक. मनुस्मृती (२.११) म्हणते ‘नास्तिको वेदनिन्दकः’, म्हणजे तिथे कसोटी वेदांची. मग गंमत होते. सांख्य दर्शनाचा ग्रंथ असलेल्या सांख्यकारिकेला जगाच्या उलाढालीसाठी ईश्वर लागत नाही, वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या मीमांसकांनाही सृष्टिकर्ता नको. पण वेद मानतात म्हणून दोघंही आस्तिक. जैन आणि बौद्ध कर्म मानतात, पुनर्जन्म मानतात, म्हणजे काशिकेकडे उत्तीर्ण आणि मनूकडे नापास! जैन आचार्य हरिभद्रांनी तर या सगळ्यांना आस्तिकांतच बसवलं. कुठलीही कसोटी लावा, नास्तिक ठरतो तो चार्वाक.

आजच्या मराठीत नास्तिक म्हणजे देव न मानणारा, एवढाच अर्थ उरला आहे. ‘नास्तिक कुठला!’ यातला शिवीचा वासही गेलेला नाही. काटेकोर लिहायचं असेल तर निरीश्वरवादी बरा: ईश्वर नाही, एवढंच म्हणणारा.

अज्ञेयवाद हा शब्द इंग्रजीतल्या ‘ॲग्नॉस्टिसिझम’साठी घडवलेला. त्यातला ‘ॲग्नॉस्टिक’ थॉमस हक्सले या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १८६९ साली काढला. त्याचा रोख पद्धतीवर होता: पुरावा नसेल तर खात्रीने बोलू नये. आपला ‘अज्ञेय’ त्याहून पुढे जातो. अज्ञात म्हणजे कळलेलं नाही. अज्ञेय म्हणजे कळू शकणारच नाही. हे म्हणणं हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाचं. त्याच्या १८६२च्या ग्रंथाचा पहिला भागच ‘अज्ञेया’वर आहे. आगरकरांवर जॉन स्टुअर्ट मिल आणि स्पेन्सर या तत्त्वज्ञांचा प्रभाव होता, म्हणून त्यांना अज्ञेयवादी म्हणतात तेव्हा तो शब्द नेमका बसतो.

प्रश्नकर्त्याला मात्र तो मोठा होईल. ‘कळणं शक्यच नाही’ हासुद्धा दावाच, आणि तो त्यांनी केलेला नाही. माझं मत ‘संशयवादी’ला. तत्त्वज्ञानात हा शब्द ज्ञानमात्रावरच शंका घेणाऱ्यांसाठी वापरतात, हे खरं; पण ‘देवाबाबत मी संशयवादी’ म्हटलं की भागतं. ‘देवाबद्दल साशंक’ आणखी साधं. बुद्धाच्या काळी संजय बेलट्ठिपुत्त नावाचा एक आचार्य परलोकाबद्दल ‘आहे’ही म्हणत नसे आणि ‘नाही’ही. अशांच्या बोलण्याला पाली ग्रंथांनी ‘अमराविक्खेप’, म्हणजे हाती न लागणाऱ्या बुळबुळीत माशासारखी वळवळ, असं नाव ठेवलं. तेव्हा टोमणे ऐकायची तयारी ठेवा.

आणि निरीश्वरवादीमधला ‘री’ दीर्घ. निर् + ईश्वर. ‘निरिश्वर’ सर्रास छापलं जातं, ते चूक.