सोलापूरसारख्या उष्ण शहरात कॉलनीमध्ये झाडे लावून काही उपयोग होतो का? कोणती लावावीत?

आपण लिहिले आहे की जुळे सोलापुरातील आपल्या कॉलनीत गेल्या पावसाळ्यात लावलेली बहुतेक रोपे मे महिन्यापर्यंत वाळून गेली, आणि म्हणून पुन्हा झाडे लावण्यात अर्थ आहे का, असे आपण विचारता. अर्थ नक्कीच आहे. मात्र आपल्या शहरात कोणते झाड लावावे यापेक्षा पहिले तीन उन्हाळे त्याला पाणी कोण घालणार, या प्रश्नाचे उत्तर आधी मिळवावे लागते. ज्या कॉलनीत मनापासून पाणी घालणारी दहा घरे आहेत तिने पंधरा झाडे लावावीत, दोनशे लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्यात २०१६ साली २ कोटी रोपांच्या उद्दिष्टाने सुरू झालेली वृक्षलागवड मोहीम २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेली होती. अशा आकड्यांत खड्ड्यात गेलेले रोप मोजले जाते, सावली देणारे झाड नव्हे, आणि दुर्दैवाने कॉलन्यांनीही तोच हिशेब उचलला आहे.

सोलापूर पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. मृगाच्या एक-दोन सरी पडल्या की आपल्याकडे वृक्षारोपणाचा उत्साह येतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडणे ही येथील नेहमीची गोष्ट आहे, आणि वर्षातला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये होतो. ज्या उत्तरा-हस्ताच्या पावसावर आपली रब्बीची ज्वारी उभी राहते, तोच रोपांनाही खरा आधार देतो. त्यामुळे जूनमध्ये लावलेल्या रोपाला भर पावसाळ्यातही बादलीने पाणी घालण्याची तयारी हवी. खड्डे मात्र एप्रिल-मे मध्येच खणून उन्हात तापू द्यावेत. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल हे माप मोठे वाटते, परंतु आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोवळी मुळे तोडते आणि जेथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो तेथे पाणी टिकत नाही, त्यामुळे या मापात तडजोड करू नये. भरताना माती, कुजलेले शेणखत आणि वाळवीसाठी मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड एकत्र करावी.

वाळलेल्या रोपांपैकी एखादे उपटून पाहा. माझ्या पाहण्यात असे अनेकदा आले आहे की रोपाभोवतीची काळी प्लॅस्टिकची पिशवी तशीच असते, किंवा पिशवी काढलेली असली तरी मुळे तिच्याच आकारात गोल गोल गुंडाळलेली असतात आणि बाहेरच्या मातीत एकही मूळ शिरलेले नसते. असे रोप पिशवीतल्या ओलाव्यावर दिवाळीपर्यंत हिरवे दिसते आणि फाल्गुनात अचानक माना टाकते. म्हणून पिशवी उभी चिरून काढावी, गुंडाळलेली मुळे हलक्या हाताने मोकळी करावीत, आणि रोप घेताना निदान पाच-सहा फूट उंच, करंगळीपेक्षा जाड खोडाचे घ्यावे. शेळ्या आणि मोकाट जनावरांपासून जाळीचे संरक्षण हवेच, परंतु खोड वाढल्यावर तीच जाळी सालीत रुतते, हे बहुतेक जण विसरतात.

आता पाण्याविषयी. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात झाडांना पिण्याचे पाणी घाला असे सांगणे शहाणपणाचे नाही. भाज्या-डाळ-तांदूळ धुतलेले पाणी, कपडे खळबळल्यानंतरचे शेवटचे पाणी आणि एसीतून ठिबकणारे पाणी निःशंकपणे वापरता येते. बोअरच्या पाण्यावर आरओ यंत्र चालत असेल तर त्यातून बाहेर पडणारे पाणी मात्र मूळ पाण्याहूनही खारट असते आणि काही आठवड्यांत आळ्यातील मातीवर पांढरा थर दिसू लागतो, त्यामुळे ते रोपांना घालू नये. रोज तांब्याभर पाणी शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा पंधरा-वीस लिटर पाणी आळ्यात सावकाश मुरू द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. आळ्यावर पालापाचोळ्याचा जाड थर असावा. तो पेटवून देण्याची सवय कॉलनीने आधी सोडली पाहिजे.

झाडांच्या बाबतीत कडुनिंब, करंज आणि चिंच हे येथे आजमावलेले वृक्ष आहेत. कडुनिंबाची पाने माघ-फाल्गुनात गळतात खरी, पण चैत्रात नवी पालवी फुटून ऐन उन्हात सावली तयार असते. गुलमोहर याउलट उन्हाळ्याचा बराच काळ निष्पर्ण उभा असतो आणि वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या सहज मोडतात. फुलांसाठी एखादा असावा, रांग नसावी. विजेच्या तारांखाली बहावा, कांचन किंवा पारिजातक लावावा. वड, पिंपळ, उंबर यांना भिंती आणि ड्रेनेजपासून दूर, मोकळ्या जागेतच स्थान द्यावे. झटपट हिरवळीसाठी कोणी कोनोकार्पस हे परदेशी झाड सुचवील, तर नकार द्या. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. घराच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला लावलेले झाड दुपारनंतरचे ऊन अडवते, त्यामुळे मोजकीच झाडे लावायची असतील तर सुरुवात त्या बाजूने करावी.

कॉलनीत आधीपासून असलेली जुनी झाडे रोपांच्या उत्साहात दुर्लक्षित राहतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. पूर्ण वाढलेल्या एका कडुनिंबाएवढी सावली नवी रोपे पुढची काही वर्षे देऊ शकत नाहीत. या जुन्या झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंट घातले असेल तर ते उखडून चारही बाजूंनी निदान दीड-दोन फूट माती मोकळी करा. १९७५ च्या महाराष्ट्र झाडांचे संरक्षण कायद्यानुसार शहरात झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला आहे, हे शेजाऱ्यांना माहीत असलेले बरे.

एक विषयांतर करतो. कॉलनीत जागा नाही म्हणून काही मंडळी सुट्टीच्या दिवशी शहराबाहेरच्या माळरानावर बिया टाकायला जातात. पण सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक अभयारण्याच्या परिसरातील गवताळ माळ ओसाड नसून तेच त्याचे नैसर्गिक रूप आहे. माळढोक, धाविक, चंडोल या पक्ष्यांना मोकळे गवत लागते, झाडी नव्हे. तेवढे श्रम पूर्व भागातील यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वसाहतींत द्यावेत, जेथे पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही आणि बायका सूप घेऊन सावली सरकेल तशी जागा बदलत विड्या वळतात.

आपल्या कॉलनीची ओपन स्पेस किंवा रस्त्याची कडा महापालिकेच्या ताब्यात असेल, तर खड्डे खणण्यापूर्वी उद्यान विभागाला लेखी अर्ज द्या आणि जलवाहिनी, ड्रेनेज व केबल कोठून गेली आहे ते विचारून घ्या. अर्जासोबत प्रत्येक झाडापुढे त्याला पाणी घालणाऱ्या घराचे नाव लिहिलेली यादी जोडा. ती यादी पूर्ण भरली नाही, तर झाडांची संख्या कमी करा.